अकरा महिन्यांची अलका

जाहीर प्रकटन. तमाम आप्तेष्ट, स्नेही, पोस्टमनदादा, खांद्यावरून गॅसचं सिलिंडर आणणारे बंधू आणि चुकूनमाकून आम्हाला लग्नपत्रिका पाठवावीशी वाटेल असे दूरचे नातलग, या सर्वांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आज संध्याकाळी उन्हं कलताना आमच्या राहत्या घराच्या आतल्या खोलीतून ‘खर्रर्र’ असा एक दीर्घ ध्वनी ऐकू आला. तो घोरण्याचा नव्हता. घोरणारा इसम त्या वेळी बाहेरच्या खोलीत चहाचा कप हाती धरून पूर्ण जागा होता. तो ध्वनी खाकी चिकटपट्टीचा होता. सबब, आमचा पत्ता कोणीही शाईने लिहू नये.

हे प्रकटन मी गेल्या हिवाळ्यात मनातल्या मनात लिहिलं. तसं ते दर हिवाळ्यात लिहितो. छापायला कधी दिलं नाही, कारण छापून येईपर्यंत त्यातलं ‘राहतं घर’ राहतं राहिलेलंच नसतं.

कोकिळेला जशी वसंताची चाहूल लागते, तशी माझ्या बायकोला, अलकाला, भाडेकराराच्या नवव्या महिन्याची लागते. करार अकरा महिन्यांचा. सगळ्याच भाडेकरूंचा तेवढाच असतो आणि मुदत संपली की शहाणी माणसं मुकाट्यानं त्याचं नूतनीकरण करून घेतात. अलकाच्या लेखी मात्र करार हा एक ऋतू आहे, आणि ऋतूचं नूतनीकरण कुणी केल्याचं तिनं ऐकलेलं नाही. मार्गशीर्षातली थंडी नाशिकवर उतरते, पहाटे गोदावरीवरून धुक्याचे पदर गंगापूर रोड ओलांडून आमच्या गल्ल्यांत शिरतात, सप्तपर्णीचा उग्र घमघमाट ओसरून हवेला नुसत्या गारव्याचा वास उरतो, आणि अलकाची मान वर जायला लागते. रस्त्यावर चालताना ती माणसांकडे बघत नाही. ती दुसरे, तिसरे मजले बघते. कुठल्या खिडकीचे पडदे उतरलेत, कुठल्या बाल्कनीतली कपड्यांची दोरी रिकामी आहे, कुठल्या दारावरचं झेंडूचं तोरण दसऱ्यापासून वाळत तसंच लोंबतंय. आकाशातल्या घारीला उंदीर दिसावा तितक्या दुरून तिला ‘भाड्याने देणे आहे’ अशी पाटी दिसते. मग तिच्या चालीला एक वेगळीच लय येते, चपलांचा आवाज चटचट, चटचट होत जातो, आणि शेजारून चालणारा नवरा मनातल्या मनात खोकी मोजू लागतो.

ती प्राथमिक शाळेत शिकवते. तिची शाळा, तिची भाजीवाली, तिचा दवाखाना, तिचं वाचनालय, तिचा शिंपी, तिची नदी, सगळं कॉलेज रोड आणि गंगापूर रोड यांच्या मधल्या या सावलीदार गल्ल्यांत पायी जाण्याच्या अंतरावर आहे. मी तेवढा पापी, रोज स्कूटरवरून अंबडच्या कारखान्यात जातो. या गल्ल्यांचं एक लाघव आहे. इथं कुठंही जायला निघालं की वाटेत गुलमोहर लागतो, ओळखीचं कुत्रं लागतं, कट्ट्यावर बसलेलं कुणीतरी ‘काय मॅडम, शाळा सुटली का?’ असं विचारतं, आणि दहा पावलांच्या कामाला अर्धा तास लागतो. अलकाला ही वसाहत सोडायची नसते, कधीच नाही. इंदिरानगरला प्रशस्त जागा मिळते म्हटलं की ती अशी बघते, जणू मी तिला समुद्रापार धाडायला निघालोय. तिला फक्त घर सोडायचं असतं. एकाच झाडावर फांद्या बदलत राहणारं पाखरू जसं सगळ्या झाडाला आपलं म्हणतं आणि घरटं मात्र कुठेच बांधत नाही, तशी ती.

“तिथलं ऊन बघितलंत का हो तुम्ही?” एवढंच तिचं प्रास्ताविक. या वाक्यानंतर आमच्या घरात चर्चा होत नाही, बांधाबांध होते.

आणि कबूल केलं पाहिजे, ऊन ती अचूक निवडते. आमची सगळी घरं मला आता पत्त्यानं आठवत नाहीत, उजेडानं आठवतात. एक घर होतं, त्याच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन थेट कणकेच्या परातीत उतरायचं आणि पोळ्यांना सोन्याचं पीठ लावल्यासारखं वाटायचं. एका घरात दुपारभर गुलमोहराची सावली भिंतीवर नाचायची. अलका पेपर तपासता तपासता त्या सावलीकडे बघत बसायची आणि मुलांना दोन-दोन मार्क जास्त पडायचे. एक घर मैदानासमोर होतं, तिथं उजेडापेक्षा आवाज जास्त होता, ‘हाऊज दॅट’ अशा आरोळीनं संध्याकाळ व्हायची. एका घरातून उत्तरेला चांभार लेण्यांचा डोंगर दिसायचा, आणि श्रावणात तो असा हिरवा व्हायचा की अलका त्याला रोज सकाळी दूध ऊतू जाईपर्यंत बघायची. ही सगळी घरं आम्ही भोगली आणि सोडली. माझी पुस्तकं मात्र कुठल्याही घरात खोक्याबाहेर पुरती आली नाहीत. अर्धं कपाट, अर्धी खोकी, असा माझा ज्ञानाचा संसार.

घर बदलायच्या दिवशी आमची मिरवणूक बघायला अख्खी वसाहत गॅलरीत येते. ट्रक वगैरे नाही. पुढच्या गल्लीत जायचं, तर ट्रकला लाजच वाटेल. दिंडोरीकडच्या सोपानची हातगाडी येते. एरवी तो तिच्यावर द्राक्षं विकतो, त्या दिवशी आमचं कपाट आडवं निजवतो. पुढं अलका, छातीशी तुळशीची कुंडी. तिच्यामागे मी, हातात स्टीलचा डबा, त्यात देव. मागे गाडी, आणि गाडीवर गाद्यांच्या डोंगरात खोचलेला केरसुणीचा झेंडा. अलका त्या वेळी सुंदर दिसते. पदर खोचलेला, कपाळावर घामाचा एक थेंब, डोळ्यांत सहलीला निघालेल्या पोरीची चमक. वाटेतली माणसं विचारतात, “मॅडम, यंदा कुठं?” आणि ती हात पसरून अशी दिशा दाखवते, जणू पुढं एखादं राज्य आहे. सोपान पहिल्या वर्षी हसला होता. आता तोच पौषात घरी येऊन विचारून जातो, “वहिनी, तारीख सांगून ठेवा बरं. द्राक्षांचा सीजन हाय, गाडी मोकळी पाह्यजे.”

या भटकंतीनं माणसाचे पाय कसे फसतात, त्याचा एक नमुना सांगतो. एकदा मी अंबडहून दमून आलो, स्कूटर लावली, जिना चढलो, दार उघडंच होतं, चपला काढल्या, खुर्चीत बसलो आणि डोळे मिटून म्हणालो, “अलके, चहा टाक. आलं जरा जास्त घाल.” आतून एक अनोळखी बाई बाहेर आली. ते आमचं मागल्या वर्षीचं घर होतं. मी उडालोच. पण ती बाई शांतपणे म्हणाली, “आलं संपलंय. वेलदोडा चालेल का?” चहा झाला. निघताना तिनं अदबीनं विचारलं, “मोरीतला नळ तुमच्या वेळीही असाच गळायचा का हो?” मी घरी येऊन हा प्रसंग रंगवून सांगितला तेव्हा अलका हसून हसून खाली बसली, आणि मग हसू आवरून म्हणाली, “बघा, तिथंही तुम्हाला कुणी परकं म्हणालं नाही.”

या वाक्याचं मूळ फार मागे आहे. अलकाचे वडील कालवा निरीक्षक होते. सरकारी बदलीचा वारा आला की त्यांचा संसार पाचोळ्यासारखा उडायचा. चांदवडच्या क्वार्टरमध्ये अलका सगळ्यात जास्त रमली होती. तिथं तिनं दारात जास्वंद लावली होती. पहिली कळी धरली त्या आठवड्यात ऑर्डर आली, आणि नवीन साहेबांचं कुटुंब सामान घेऊन आधीच दारात उभं राहिलं. ‘अजून निघाला नाहीत का तुम्ही?’ असं त्या कुटुंबातल्या बाई म्हणाल्या. सहज म्हणाल्या. पण आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या मनात ते वाक्य काट्यासारखं मोडून राहिलं. आपल्याला कुणी ‘निघा’ म्हणायच्या आत आपण निघायचं, हा अलकाचा एकमेव सिद्धांत त्या दारात जन्मला. घरमालकाच्या चेहऱ्यावरची पहिली आठी पडण्याआधी तिची चिकटपट्टी वाजते. तिला अस्थिर म्हणणारे लोक फसतात. ज्या झाडाची पानं गळायची असतात ती ते वाऱ्यानं ओरबाडायच्या आत स्वतःच सोडून देतं. पानगळीला कुणी अस्थिरता म्हणत नाही.

असं सगळं सुरळीत अस्थिर चाललेलं असताना आम्ही कुसुमकाकूंच्या घरात राहायला आलो.

तीन मजल्यांची लहानशी इमारत, लिफ्ट नाही. काकूंच्या मालकीचे दोन फ्लॅट: तळमजल्यावरचा आम्हाला दिलेला, आणि सर्वांत वरचा, ज्यात त्या इमारत बांधून झाली त्या वर्षापासून राहत होत्या. काकूंचं वय ऐंशीच्या पुढं. गुडघे असे की जिना उतरणं म्हणजे किल्ला उतरणं. यजमान, माधवराव, बरीच वर्षं झाली, गेलेले. मुलगा शेखर जर्मनीत. काकू म्हणजे अलकाचा उलटा आरसा. एक सगळ्या वसाहतीभर वाहत होती, दुसरी एका खिडकीत थबकली होती. या चालण्याजोग्या, भेटण्याजोग्या गल्ल्यांतल्या काकूंच्या वाट्याला आलं होतं ते फक्त टोपलीत मावेल तेवढं. रोज सकाळी वरच्या बाल्कनीतून दोरीला बांधलेली वेताची टोपली हळूहळू खाली यायची, तिच्या कडेला बांधलेली घंटी किणकिणायची, आणि अलका तिच्यात भाजी ठेवायची, दूध ठेवायची. मग हळूहळू ती इतरही वस्तू ठेवायला लागली. वाटेत पडलेली बकुळीची फुलं. नदीकाठचा एक गुळगुळीत दगड. शाळेतल्या पोरानं काढलेलं, तीन पायांच्या गाईचं चित्र. एकदा तर तिनं बेकरीतला गरम पाव ठेवला आणि वर बघून ओरडली, “काकू, लवकर ओढा, वास उडून जाईल!” वरून काकू ओरडल्या, “ओढतेय गं, हात आहेत का क्रेन?” टोपली वर जाताना अलका मान उंचावून तिच्याकडे बघत राहायची. संध्याकाळी ती वर जायची आणि वसाहत काकूंना सांगायची: कुठं रंग लावला, कुणाकडं पाळणा हलला, कोपऱ्यावरच्या मिसळवाल्यानं रश्श्यात काय बिघडवलं. काकू डोळे मिटून ऐकत. त्यांचे पाय खुर्चीखाली हलकेच पुढंमागं होत, ऐकता ऐकता चालल्यासारखे.

मला आशा वाटू लागली. मी गुपचूप पुस्तकांचं आणखी एक खोकं उघडलं.

आणि मग मार्गशीर्ष आला, अलकाची मान वर गेली, जॉगिंग ट्रॅकच्या बाजूला एक पश्चिमेची खिडकी तिच्या दृष्टीस पडली. मावळतीचं तांबूस ऊन फरशीवर थेट भिंतीपर्यंत जात होतं म्हणे. त्या घरमालकांना तिनं जवळजवळ शब्द दिला. किराणावाल्याकडून रिकामी खोकी आली. आणि त्या संध्याकाळी ‘खर्रर्र’ झालं.

लहान इमारतीत आवाजाला भिंती नसतात. डक्टमधून तो आवाज वर गेला. दुसऱ्या दिवशी टोपली खाली आली नाही. अलका पदराला हात पुसत वर गेली, तिच्यामागे धापा टाकत मी. काकू खुर्चीत ताठ बसल्या होत्या. मोबाईल मांडीवर पालथा.

“ये, बस,” काकू म्हणाल्या. “दिलीपराव, तुम्हीही बसा, दम खा. शेखरशी बोलले आत्ता. तो दोन वर्षं मागं लागलाय, आई, पुण्याला ज्येष्ठांसाठी छान जागा आहे, तिथं राहा. या जिन्यात पडलीस तर कोण बघणार? तुम्ही आल्यापासून मी म्हणायची, खाली अलका आहे. तर म्हणाला, ती माणसं खाली आहेत तोवर मी काही बोलत नाही. ती गेली की मी तुझं काही ऐकणार नाही.”

अलका पदराचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत राहिली.

“तिथं बाग आहे म्हणे,” काकू म्हणाल्या. “असेल. पण त्या बागेतलं एक तरी झाड मला ओळखतं का?” मग त्या हसल्या. “घाबरू नकोस. मी तुला थांब म्हणणार नाही. भाडेकरूला थांब म्हणणं बरं दिसत नाही, आणि जा म्हणणंही. फक्त तुझी तारीख मला आधी सांग. मी तुझ्या आधी निघेन. खाली रिकामं घर ठेवून मला वर नाही राहता यायचं.”

मी अलकाकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा उजेड कुणीतरी फुंकर घालून विझवला होता. स्वतःचा सिद्धांत दुसऱ्याच्या, आणि तोही ऐंशी ओलांडलेल्या बाईच्या तोंडून ऐकावा लागेल, अशी तिनं कधी कल्पना केली नव्हती.

नंतरचे दिवस मला आठवतात ते तिच्या चपलांच्या आवाजानं. ती शाळेतून येई आणि लगेच बाहेर पडे. कॉलेज रोडच्या गर्दीतून, मैदानाला वळसा घालून, नर्सरीवरून, नदीपर्यंत. पौषातलं ऊन पातळ झालेलं, झाडांच्या सावल्या लांबून एकमेकींच्या अंगावर पडलेल्या, आणि त्यांच्यातून ती भरभर चाललेली, मान खाली घालून. हे मला नवीन होतं. तिनं खिडक्या बघणं सोडलं होतं. एकदा मी विचारलं, “पश्चिमेची खिडकी पुन्हा बघून येऊ या का?” ती म्हणाली, “बघून आले. ऊन आहे. पण त्या उन्हात सारखी कुणीतरी बसलेली दिसते.” घरात अर्धवट चिकटवलेली खोकी तोंडं उघडी टाकून बसली होती. थांबावं तर तिचा जीव घुसमटे, निघावं तर वरची खुर्ची तिच्या मागे लागे. तिला चालताना बघून मला पहिल्यांदा कळलं की तिला घर कधीच बोचलं नव्हतं. बोचत होती ती पुढची तारीख. आता थांबण्याचं वचन एका म्हातारीच्या आयुष्याला बांधलेलं होतं आणि ते तिच्या पायांना झेपत नव्हतं. मला तळमजला हवा होता, पुस्तकं लावायची होती. पण नुसतं माझ्यासाठी थांबायला लावलं तर ती भिंतीसारखी होईल, आणि अशी अलका घेऊन मी काय करू?

एका रविवारी सकाळी ती काकूंकडून खाली येताना मधल्या वळणावर पायरीवरच बसून राहिली. जिन्याच्या जाळीतून ऊन येत होतं, पायऱ्यांवर त्याचे चौकोन पडले होते. मी शोधत वर गेलो. ती त्या चौकोनांकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत ती ओळखीची, घातक चमक परत आली होती.

“अहो,” ती म्हणाली, “वरचं ऊन बघितलंत का तुम्ही?”

मी सवयीनं मनात खोकी मोजायला लागलो. मग उलगडा झाला. मग मी तिथंच पायरीवर बसलो आणि वेड्यासारखा हसायला लागलो. इतकी वर्षं सगळ्या वसाहतीत घर शोधणाऱ्या या बाईनं डोक्यावरच्या घराकडे राहायचं घर म्हणून कधी पाहिलं नव्हतं. आणि काकू, शेखर, मी, आम्ही सगळे जिन्याला शत्रू समजून बसलो होतो. मालकीण वर आणि भाडेकरू खाली, हे जणू ब्रह्मदेवानं लिहून ठेवलं होतं.

काकूंना ही वर-खालची अदलाबदल पटवणं मात्र सोपं नव्हतं.

“मी? या वयात बिऱ्हाड हलवू?” त्या उखडल्या. “तुझं ठीक आहे गं, तुझ्या पायाला भिंगरी आहे. मी या घरात आले ती आलेच.”

“एकाच जिन्याचं तर अंतर आहे, काकू.”

“अंतराचं नाही.” त्यांनी बाल्कनीकडे बोट केलं. “हे तिथं बसायचे. सकाळी खोकायचे. मला अजून ऐकू येतं. खाली गेले तर ते एकटेच वर खोकत बसतील.”

यावरचं उत्तर अलकापाशी होतं. तिच्या आईची एक रीत होती. प्रत्येक बदलीच्या वेळी, सामान निघालं की ती माउली रिकाम्या खोल्यांतून फिरायची आणि घरातल्या एकेकाचं नाव घेऊन मोठ्यानं हाक मारायची: चल गं अलके, चल रे बाळ्या, चला. म्हणजे कुणाचा जीव मागं राहत नाही, खेळत असला तरी हाकेसरशी येतो. अलकानं हे सांगितलं तेव्हा काकू बाल्कनीकडे वळल्या.

“नाव घ्यावं लागतं का?” शेवटी त्यांनी विचारलं. त्यांच्या सुरकुतलेल्या गालांवर लाली आली होती. “मी ह्यांचं नाव असं सरळ कधी घेतलंच नाही.”

द्राक्षं बाजारात आली, माघातली पानं गल्ल्यांत घरंगळू लागली, आणि बदलीचा दिवस उजाडला. सोपान गाडी घेऊन आला, फाटकात उभा राहिला, वर बघितलं, खाली बघितलं.

“वहिनी, गाडी लावू कुठं?”

“गाडी नको. जिनाच आहे फक्त.”

“मंग मला कामून बोलिवलं? लय झालं बुवा या बाईचं!” असं म्हणत त्यानं सदऱ्याच्या बाह्या सारल्या आणि काकूंचं देवघर अलगद उचललं.

दिवसभर दोन संसार त्या अरुंद जिन्यात एकमेकांना भेटत होते. आमच्या गाद्या वर, त्यांचे पितळी डबे खाली. माझी पुस्तकं वर, माधवरावांची आरामखुर्ची खाली. मधल्या वळणावर दोन्हींची गाठ पडायची आणि कुणी कुणाला वाट द्यायची यावरून चेष्टा चालायची. वरचं घर रिकामं झालं तेव्हा उन्हं तिरपी होऊन आत आली होती. रिकाम्या खोलीत ऊन किती मोठं दिसतं! भिंतींवर तसबिरींचे फिकट चौकोन होते. काकू मध्यभागी काठी टेकून उभ्या राहिल्या. आम्ही दारात. त्यांनी आधी देवांना हाक मारली, मग जर्मनीतल्या शेखरला, त्याचं बाळपणीचं नाव घेऊन. मग त्या बाल्कनीकडे वळल्या, डोक्यावरून पदर घेतला, घसा खाकरला, आणि नवऱ्याचं नाव घ्यायची जी एकच वाट त्यांना ठाऊक होती, त्या वाटेनं गेल्या. त्यांनी उखाणा घेतला.

“जिन्याला पायऱ्या, पायऱ्यांना कठडा, माधवराव, चला आता, उंबरठा ओलांडा.”

रिकाम्या खोलीनं ते नाव घुमवून परत दिलं. सोपाननं डोक्यावरची टोपी काढली. अलकानं तोंडाला पदर लावला. काकू मात्र वळल्या त्या हसत, आणि अलकाचा खांदा धरून एकेक पायरी उतरू लागल्या. प्रत्येक पायरीवर थांबून त्या आपल्या डाव्या बाजूला किंचित सरकत होत्या, कुणाला तरी जागा करून देत असल्यासारख्या.

त्या संध्याकाळी इमारतीत दोन मजल्यांवर दूध ऊतू गेलं. शेखरला फोनवरून खालचं दार दाखवलं, फाटक दाखवलं, पायरी नसलेला उंबरठा दाखवला. तो सगळं बघून म्हणाला, “मग पुण्याचं राहू दे, आई.”

अलका आता वरच्या बाल्कनीत उभी राहते. तिथून गुलमोहरांचे शेंडे दिसतात, त्यांच्यापलीकडे नदीवरचं धुकं, आणि ती या सगळ्याकडे अजूनही अशी बघते, जणू गाडी सुटायला थोडा वेळ आहे. तिची चुळबुळ गेलेली नाही. ती जायचीही नाही, ती तिची नाडी आहे. माझं एक खोकं अजून तसंच बंद आहे, मी ते मुद्दामच उघडलेलं नाही. पण रोज सकाळी ती जिना उतरते, काकूंच्या दारावर टिचकी मारते, आणि त्या दोघी फाटकाबाहेर पडतात. पहिल्या दिवशी काकू शेजारच्या बकुळीपर्यंत गेल्या. मग बेकरीपर्यंत. मग एकदा मिसळवाल्यापर्यंत जाऊन त्याला रश्श्याबद्दल चार शब्द सुनावून आल्या. ज्यांच्याबद्दल नुसतं ऐकलं होतं, ती दारं त्या काठीनं एकेक करून दाखवतात आणि विचारतात, हे ते का?

परवाची गोष्ट. दोघी मैदानाजवळच्या कट्ट्यावर बसल्या होत्या. मी अंबडहून येताना त्यांना पाहून थांबलो. सूर्य खाली गेला होता, मैदानावरची मुलं सावल्यांसारखी धावत होती. मला वाटलं, घरं आपल्याला सोडून जात नाहीत, आपणच त्यांच्यातला थोडा थोडा उजेड उचलून पुढं नेतो. आणि जी माणसं गेली असं आपण म्हणतो ती बहुधा कुठल्यातरी रिकाम्या खोलीत, कुणीतरी नाव घेऊन हाक मारील म्हणून, काळाच्या बाहेर थांबून राहिलेली असतात. असं काहीतरी भारदस्त मी त्या दोघींना ऐकवणारच होतो. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या इमारतीकडे, तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीकडे मान वर करून बघत असलेल्या काकू एकदम, चारचौघांना ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाल्या,

“अगं अलका, मग पुढच्या वर्षी कुठं जायचं आपण?”